तांबडी अग्निमुंगी : तिची ओळख, वर्गीकरण व प्रसार

पेरलेले बी उगवले नाही म्हणजे शेतकरी पहिला दोष बियाण्यास देतो, दुसरा पावसास आणि तिसरा पाखरांस. मुंगीकडे त्याचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. उलटपक्षी ज्यांचे लक्ष एकदा तासातील मुंग्यांकडे गेले, ते पुढे शिवारातील एकूण एक मुंगीस चोर समजून बांधोबांध विषारी पूड टाकीत सुटतात. ह्या दोन्ही वर्तनांच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती अशी की, ‘मुंगी’ हा एक प्राणी आहे. वस्तुतः मुंग्यांच्या चौदा हजारांहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी आजवर वर्णिल्या असून, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मुंग्यांच्या यादीत जाती व उपजाती मिळून ८२८ नावे, १०० प्रजातींत विभागलेली, दिली आहेत. त्यांपैकी शेतकऱ्याचे बी खाणाऱ्या थोड्या, पिकावर मावा पोसणाऱ्या काही, आणि उघड उपकार करणाऱ्या पुष्कळ. तेव्हा शिक्षा करण्यापूर्वी आरोपी ओळखणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात एकाच जातीचा, म्हणजे तांबड्या अग्निमुंगीचा, विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

अजिंठ्याचा घाट उतरला म्हणजे फर्दापूरचे शिवार लागते. लेणी पाहावयास आलेला प्रवासी येथून डोंगराकडे वळतो. आपणांस मात्र खाली, जमिनीकडे पाहावयाचे आहे. पायथ्याशी मुरमाड बरड, खाली उतरावे तसतशी काळी, आणि लेण्यांच्या कुशीतून निघून पुढे तापीस मिळणारी वाघूर नदी, अशी ह्या भागाची ठेवण आहे. कापूस, ज्वारी, मका, तूर ही पिके जिराईत, आणि विहिरीच्या पाण्यावर मिरची व भाजीपाला. ज्यास ह्या शिवारात मुंग्यांचा अभ्यास करावयाचा आहे त्याने प्रथम पाटाच्या कडेने चालावे. जेथे माती ओलसर राहते पण ऊन थेट पडते, तेथे रवाळ मातीचा, घडण नसलेला, वितीदीडवितीचा ढिगारा दिसतो. तो बहुधा एखाद्या गवताच्या ठोंबाभोवती किंवा रोपाच्या बुडख्याशी चढविलेला असतो. त्यास काठी लावताच तांबूस मुंग्यांचा लोंढा काठीवरून हातापर्यंत चढून येतो आणि क्षणात हाताची आग होते. हीच आपली मुंगी. इंग्रज लोक हिला ‘फायर अँट’ म्हणतात ते ह्या आगीमुळेच. आपल्याकडे हिला नुसते ‘लाल मुंगी’ म्हणतात, आणि सर्व घोटाळा येथूनच सुरू होतो. कारण लाल मुंग्या अनेक आहेत.

ओळखीसाठी फार मोठे साहित्य लागत नाही. दहापट मोठे दाखविणारे एक भिंग, पांढरी बशी आणि थोडे स्पिरिट एवढे पुरे. चिमट्याने अगर ओल्या कुंचल्याने दहाबारा मुंग्या स्पिरिटात टाकाव्या आणि मेल्यावर बशीत ओळीने मांडाव्या. पहिली गोष्ट पाहावयाची ती आकारातील चढउतार. अग्निमुंगीच्या एकाच वारुळात तीन मिलिमीटरांच्या बारीक कामकरी मुंग्यांपासून सहा मिलिमीटरांच्या थोराड मुंग्यांपर्यंत सर्व पायऱ्या सापडतात; मधली पायरी तुटलेली नसते. थोराड मुंगीचे डोके अंगाच्या मानाने फार मोठे, जवळजवळ चौकोनी, आणि माथ्यावर मधोमध खोल खाच असल्यामुळे मागून दोन फाकांचे दिसते. ही खाच एकदा नीट पाहिली की पुन्हा विसरत नाही. तिचे जबडे आखूड, जाड, वाकलेले, आणि त्यांवरील दात बहुधा झिजून गेलेले असतात. हे डोके लढाईकरिता आहे असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु त्याचे खरे काम जात्याचे आहे. त्यातील बळकट स्नायूंच्या जोरावर ती दाणे फोडते.

दुसरी खूण देठाची. मुंगीचे वक्ष व पोट ह्यांच्यामध्ये बारीक देठ असतो. ह्या देठास काही मुंग्यांत एक गाठ असते, काहींत दोन. अग्निमुंगीस दोन गाठी असतात. एवढ्या एका खुणेने घरात गुळाच्या ढेपेवर चढणारा मोठा काळा मुंगळा निराळा पडतो, कारण त्यास गाठ एकच. कोकणात आंब्याची पाने शिवून झाडावर घरटे करणारी लाल मुंगीही अशीच निराळी पडते. तिलाही गाठ एकच, आणि ह्या दोघींना नांगी मुळीच नाही. त्या चावतात व जखमेवर आम्ल फवारतात. अग्निमुंगी मात्र जबड्याने कातडी पकडून ठेवते, पोट वाकविते आणि नांगी मारते, व पकड न सोडता पुनःपुन्हा मारते.

तिसरी खूण मिशांची, आणि तीच निर्णायक होय. अग्निमुंगीच्या मिशीस एकंदर दहा सांधे असतात, त्यांतील शेवटचे दोन फुगून गदेसारखे झालेले असतात. दोन गाठींच्या ज्या दुसऱ्या मुंग्या आपल्या शेतात तिच्याशी घोटाळा करतात, त्यांच्या मिशीस सामान्यतः बारा सांधे व गदेचे तीन. सांधे मोजताना डोक्याजवळचा लांब दांडा हा एक सांधा धरावा. तो सोडून मोजल्यास हिशेब चुकतो. चौथी खूण अशी की, अग्निमुंगीच्या वक्षाच्या मागील टोकास काटे नसतात. तो भाग गोलसर व गुळगुळीत असतो.

आता ज्यांच्याशी घोटाळा होतो त्यांजकडे वळू. पहिली ‘फिडोल’ प्रजाती. हिच्यातही मोठ्या डोक्याच्या मुंग्या असतात. परंतु तेथे कामकरी एक आणि शिपाई एक असे दोनच वर्ग असून मधल्या मापाच्या मुंग्या सहसा नसतात, व वक्षावर दोन काटे असतात. दुसरी ‘ट्रायकोमिर्मेक्स स्कॅब्रिसेप्स’. हिचे वर्णन मायर ह्याने १८७९ साली केले. ही खरी धान्य साठविणारी मुंगी आहे. गवताळ पडीत जमिनीत, बांधावर, हिच्या रांगा वहिवाटीच्या पायवाटा पाडून चालतात. वारुळाच्या तोंडाभोवती फोलकटाचे वर्तुळ पसरलेले दिसते. हिच्या मुंग्यांतही लहानमोठेपणा पुष्कळ असतो, म्हणून आकारावरून फसगत होते. मिशीचे सांधे मोजावे हाच उपाय. तिसरी हिचीच भावंड ‘ट्रायकोमिर्मेक्स डिस्ट्रक्टर’. ती पिवळसर, पोटाकडे काळपट, घरात राहणारी आणि कापड व विजेच्या तारेचे वेष्टन कुरतडणारी. काटा मारण्याची हिची ताकद बेताची, परंतु घरमालकास हिचा त्रास अग्निमुंगीपेक्षा अधिक. बीजचोरीच्या बाबतीत पहिल्या दोघी थोड्याफार दोषी आहेत हे खरे. तथापि त्या मुख्यत्वे गवताचे बी नेतात, आणि बांधावरील गवताचे बी कोणी नेले तर शेतकऱ्याने त्याजवर रागावण्याचे कारण नाही.

ह्या मुंगीचे शास्त्रीय नाव ‘सोलेनोप्सिस जेमिनाटा’. कीटकांच्या हायमेनॉप्टेरा ह्या गणात मधमाशा, गांधीलमाशा व मुंग्या येतात. त्यांपैकी फॉर्मिसिडी हे सर्व मुंग्यांचे कुल. त्यात देठास दोन गाठी असणाऱ्या बहुतेक मुंग्यांचे मिर्मिसिनी हे उपकुल. आणि त्यात सोलेनोप्सिस ही प्रजाती. लिनियसचा शिष्य, डेन्मार्कचा कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस ह्याने १८०४ साली अमेरिकेतील नमुन्यांवरून हिचे वर्णन ‘अट्टा जेमिनाटा’ ह्या नावाने केले. लॅटिनमध्ये जेमिनाटा म्हणजे जोडीची. पुढे १८४० साली वेस्टवुड ह्याने सोलेनोप्सिस ही प्रजाती स्थापिली, तेव्हा ज्या मुंगीस पुढे करून स्थापिली तीही शोधाअंती हीच निघाली; तिला त्याने निराळे नाव दिले होते, एवढेच. एकाच मुंगीस अनेक नावे पडण्याचे कारण उघड आहे. थोराड मुंगी एका पेटीत आणि बारीक मुंगी दुसऱ्या पेटीत युरोपात जाऊन पोहोचली, तर ती एकाच आईची लेकरे आहेत हे पेटी उघडणाऱ्यास कसे समजावे?

आपल्या देशातील इतिहासही असाच आहे. मद्रासकडील लष्करी वैद्य जर्डन, ज्यांचा पक्ष्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध आहे, ह्यांनी १८५१ साली दक्षिण हिंदुस्थानातील मुंग्यांची यादी छापली. त्या यादीत ‘अट्टा रुफा’ म्हणून जी मुंगी आहे ती आपली अग्निमुंगीच, असे पुढे ठरले. वर सांगितलेल्या डिस्ट्रक्टर मुंगीचे पहिले वर्णनही त्याच यादीत आहे. म्हणजे १८५१ पूर्वीच ही मुंगी दक्षिणेत चांगली रुळलेली होती. त्यानंतर मुंबई इलाख्यातील जंगलखात्याचे अधिकारी रॉटन ह्यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९२ मध्ये आपल्या मुंग्यांवर लेख लिहिले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडचे डॉक्टर फोरेल, जे पेशाने मनोविकारतज्ज्ञ होते, ह्यांनी हिंदुस्थान व सिलोनच्या मुंग्यांवरील आपली मोठी लेखमाला त्याच नियतकालिकात आरंभिली. १९०३ साली बिंगहॅम ह्यांचा ग्रंथ निघाला. हिंदुस्थानातील मुंग्यांच्या ओळखीस तो पुष्कळ काळ पायाभूत राहिला. वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख, रानाचा अधिकारी आणि पलटणीतला कर्नल ह्यांनी मिळून ह्या शास्त्राचा पाया घातला, आणि ज्याच्या शेतात ह्या मुंग्या राहतात त्याचे नाव त्यात कोठेच नाही, ही गोष्ट आमच्या मनास लागून राहते.

अग्निमुंगी मूळची येथली नव्हे. तिचे घर उष्ण अमेरिका. तेथून ती जगाच्या उष्ण पट्ट्यात कशी पसरली हा प्रश्न बरेच दिवस अनुमानाचा होता. २०१५ साली गॉट्झेक व त्यांचे सहकारी ह्यांनी निरनिराळ्या देशांतील मुंग्यांची आनुवंशिक द्रव्ये ताडून पाहिली आणि असा निष्कर्ष काढला की, जुन्या जगात पसरलेल्या मुंग्यांचे मूळ नैर्ऋत्य मेक्सिकोकडे जाते. मेक्सिकोतील अकापुल्को बंदरातून फिलिपाइन्समधील मनिला बंदरास स्पॅनिश गलबते १५६५ पासून १८१५ पर्यंत जात-येत होती. रिकाम्या गलबतास भार म्हणून माती भरीत. परमुलखात माल चढविताना ती माती किनाऱ्यावर टाकून देत. त्या मातीबरोबर ही मुंगी सोळाव्या शतकातच मनिलास उतरली, आणि तेथून व्यापाराच्या मार्गाने आशियाच्या इतर बंदरांत पोहोचली, असे त्या संशोधकांचे म्हणणे आहे. आज ती भारत, सिलोन, आग्नेय आशिया, प्रशांत महासागरातील पुष्कळ बेटे आणि उत्तर ऑस्ट्रेलिया येथे आढळते. परदेशी म्हणून हिच्यावर रोष धरावयाचा, तर मिरची, मका व भुईमूग हीही त्याच मुलखातून आली आहेत हे ध्यानात ठेवावे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम दिसलेले गाजरगवतही तेथलेच. चांगले वाईट सर्व एकाच वाटेने येते.

ही मुंगी किती अनर्थ करू शकते ह्याचा सर्वांत जुना दाखला वेस्ट इंडीजमधील हिस्पानिओला बेटाचा आहे. तेथे १५१८-१९ साली मुंग्यांचा असा उपद्रव झाला की डाळिंब, नारिंग वगैरेंच्या बागाच्या बागा वाळून गेल्या, लोकांस घरात निजणे अशक्य झाले, आणि अखेर वसाहतवाल्यांनी चिठ्ठ्या टाकून एका संताची ह्या संकटनिवारणार्थ निवड केली. हे वर्णन लास कासास ह्या धर्मोपदेशकाने लिहून ठेविले आहे. २००५ साली विल्सन ह्या प्रसिद्ध मुंगीशास्त्रज्ञाने त्याची छाननी करून असे मत दिले की, ती मुंगी हीच असावी. परंतु झाडे मुंग्यांनी मारली नसून, बाहेरून आलेल्या रस शोषणाऱ्या किडींनी मारली असावीत, व मुंग्या त्या किडींची राखण करीत असाव्यात. आमच्या मते हा तर्क प्रत्येक बागाईतदाराने लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. झाडावर मुंग्यांची रांग दिसली की झाडाची नासाडी मुंगी करते असे आपण म्हणतो. रांगेच्या वरच्या टोकाशी मावा किंवा पिठ्या ढेकूण बसला आहे की काय, हे पाहत नाही. मुंगी त्याचा गोड स्राव पिते आणि त्याबदल्यात त्याच्या शत्रूंना हुसकून लावते. वरच्या किडीचा बंदोबस्त झाला म्हणजे रांग पुष्कळदा आपोआप तुटते.

फर्दापुरात ही मुंगी डोंगरावरील दाट झाडीपेक्षा मळ्यात व रस्त्याच्या कडेला का अधिक, ह्याचे उत्तर तिच्या स्वभावात आहे. तिला उघडी, मोडलेली, उन्हात तापणारी व अधूनमधून ओल मिळणारी जमीन हवी. नांगरट, पाट, रस्त्याचे भराव ही सर्व तिच्या सोयीची. आपणच तिचे घर तयार करतो. पहिल्या पावसानंतर पंख असलेले नर व माद्या उडतात. फळलेली मादी खाली उतरून पंख टाकते, जमिनीत शिरते व नवे घर मांडते. दूरच्या गावी मात्र ती उडून जात नाही, मातीबरोबर जाते. रोपांच्या पिशव्या, केळीचे कंद, गाडीभर गाळमाती, ह्यांतून एक फळलेली राणी गेली तरी पुरे. ह्या प्रजातीतील काही मुंग्या पूर आला असता एकमेकींस धरून तरंगणारा पुंजका करतात व वाहत जाऊन दुसऱ्या काठास लागतात. म्हणून नदीकाठच्या शेतात वारूळ नाहीसे झाले तरी ते बुडाले असे समजू नये.

पिकाचे नुकसान ती मुख्यतः तीन प्रकारे करते. बी खाते, कोवळ्या रोपाची साल बुडाशी कुरतडते, आणि मावा पोसते. ठिबकाच्या नळ्यांस भोके पाडल्याचेही दाखले परदेशी ऊसमळ्यांतून मिळाले आहेत. ह्यांत बीजहानी सर्वांत घातक, कारण ती दिसत नाही. ज्वारी-मक्याचा दाणा ती सबंध उचलून नेते असे नाही. जागच्या जागी त्याचा कोंबाकडील मऊ भाग पोखरते. पाण्याने फुगलेला पण अद्याप न रुजलेला दाणा तिला फार सोपा जातो. धूळपेरणी करणाऱ्यांनी ह्याचा विशेष विचार करावा. मृगाच्या भरवशावर कोरड्यात पेरलेली सरकी किंवा ज्वारी आठ-दहा दिवस तशीच पडते, मधूनच एक हलकी सर येऊन ती ओलावते, आणि पुन्हा उघडीप पडते. हाच काळ मुंगीच्या सुगीचा. तास उकरून पाहावे. दाणे जागच्या जागी असून कोंबाची बाजू पोकळ असेल तर संशय अग्निमुंगीवर घ्यावा. दाणे मुळीच नसतील तर पाखरे, उंदीर व इतर मुंग्या ह्यांचा विचार करावा. दाणे सबंध असून कुजलेले असतील तर तो दोष बियाण्याचा अगर ओलीचा, मुंगीचा नव्हे.

हिच्या बाजूनेही दोन शब्द सांगणे न्यायाचे आहे. ती नुसती बी खात नाही. अळ्या, अंडी, तुडतुडे ह्यांचीही शिकार करते. फिलिपाइन्सच्या भातखाचरांत भातावरील किडींची ती मोठी भक्षक ठरल्याचे निरीक्षण १९९८ साली प्रसिद्ध झाले आहे. रोपे वीतभर वाढून पीक उभे राहिल्यावर जिराईत शेतात तिचे बांधावरचे वारूळ खणून काढण्याची खटपट आम्ही अनावश्यक समजतो. जेथे बायामाणसे वाकून वेचणी किंवा खुरपणी करतात, जेथे वासरे बांधतात, अगर कोंबडी अंड्यांवर बसते, तेथे मात्र दया करू नये. नुकत्या फुटलेल्या अंड्यातील पिलू ह्या मुंग्या जिवंत सोडीत नाहीत. काही माणसांस हिच्या दंशाने अंगभर गांधी उठतात व श्वास कोंडतो. अशा वेळी लेप लावीत न बसता ताबडतोब दवाखाना गाठावा.

उपायांत पहिला मान नांगरास. उन्हाळ्यात धुऱ्यालगतची पट्टी व पाटाच्या कडा खोल उलथून दिल्या म्हणजे घरे फुटतात, पिल्ले उन्हात वाळतात. ज्या पट्टीत मुंगीचा सुळसुळाट मागील वर्षी दिसला, तेथे तरी धूळपेरणी टाळावी. चांगली ओल झाल्यावर, बी चार दिवसांत वर येईल अशा बेताने पेरावे, आणि तिफणीमागे रासणी घालून बी झाकून टाकावे. मिरचीच्या वाफ्याकरिता जागा निवडताना आदल्या संध्याकाळी शेंगदाण्याच्या कुटाच्या चिमटी कागदावर चार-पाच ठिकाणी ठेवाव्या व अर्ध्या घटकेने पाहाव्या. दोन-तीन कागद लाल झाले तर वाफा हलवावा. हलविता न आल्यास मुंग्या कूट घेऊन कोठे जातात ते पाहून वारूळ शोधावे. अंगणातील किंवा गोठ्याजवळील एखाद्या वारुळात सकाळी, मुंग्या वरच्या थरात असता, उकळते पाणी भरपूर ओतावे. एका वेळेस काम होत नाही, दोनतीनदा करावे लागते. पिकाच्या बुडख्याशी मात्र हा प्रयोग करू नये. पूर्वी सर्रास वापरीत ती गॅमेक्सिनची, म्हणजे बीएचसीची, पूड १९९७ पासून आपल्या देशात बंद झालेली आहे. कोणी जुनी पुडी काढून दिली तरी ती घेऊ नये. दुसरे कोणतेही औषध वापरण्यापूर्वी त्यावरील चिठ्ठीत तुमच्या पिकाचे नाव आहे की नाही ते वाचावे. औषध सबंध शेतावर धुरळू नये. त्याने अग्निमुंगीच्या आधी तिच्याशी जागेसाठी झगडणाऱ्या गावठी मुंग्या मरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत अग्निमुंगीच पुन्हा पहिली येऊन बसते.

ज्या वाचकांस भिंगाने खात्री करता आली नाही त्यांनी थोराड दोनतीन व बारीक दहाबारा अशा मुंग्या एकाच वारुळातून घेऊन लहान बाटलीत स्पिरिटात बुडवाव्या. पाण्यात किंवा नुसत्या कागदात ठेवलेल्या मुंग्या कुजतात, मिशा तुटतात, आणि मग सांधे मोजावयास काही उरत नाही. आत शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घालावी. शाईचे अक्षर स्पिरिटात उतरते. चिठ्ठीवर गाव, तारीख, जमिनीची जात, उभे पीक, आणि मुंगी तासात सापडली की बांधावर, एवढे असावे. अशी बाटली जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञांस दाखविता येते. थोराड मुंगी सोबत नसेल तर बारीक मुंग्यांवरून जात सांगणे कठीण पडते, म्हणून वारूळ उकरून ती मिळेपर्यंत थांबावे, आणि त्यापूर्वी पायांत उंच बूट घालावे.